हकलबेरी वेचायला कोण कोण जातं? (सिएटल-पोर्टलंडकर हात वर करा)

रानभूल

गेली अकरा वर्षं सिएटलच्या बाजूला राहतेय आणि हकलबेरी म्हणजे माझ्यासाठी एअरपोर्टवरच्या दुकानातला जांभळा जॅम एवढंच होतं, खरं सांगायचं तर ते ब्लूबेरीलाच दुकानदारांनी दिलेलं लाडाचं नाव असेल असं वाटायचं. मागच्या उन्हाळ्यात आई आली होती सहा महिन्यांसाठी. आई देवरुखची, वय ७४, आणि तिला मॉल दाखवून झाले, धबधबा दाखवून झाला, ट्युलिपचा हंगाम चुकला होता, तिसऱ्या आठवड्यात ती म्हणाली की इथे रानात खायला काहीच मिळत नाही का गं, नुसती झाडंच आहेत. शेजारची बाई म्हणाली ऑगस्ट संपत आलाय, हकलबेरीला जा. कुठे ते मात्र सांगितलं नाही, विचारलं तर हसली आणि हवेचा विषय काढला. नंतर कळलं की इकडचे लोक पगार सांगतील पण हकलबेरीची जागा सांगत नाहीत.

तर आम्ही गेलो माउंट अ‍ॅडम्सच्या पायथ्याला, गिफर्ड पिंचो नॅशनल फॉरेस्टमध्ये. पोर्टलंडवरून कोलंबिया नदीच्या काठाने हूड रिव्हरपर्यंत, तिथला टोलचा पूल ओलांडून वर ट्राउट लेक नावाचं छोटं गाव आहे, आमच्याकडून साडेचार तास लागले, पोर्टलंडवाल्यांना निम्म्यात होईल. ट्राउट लेकला रेंजर स्टेशन आहे. घरी खाण्यापुरती वेचायची तर परवाना फुकट आहे, पण घ्यावा लागतो, माणशी दिवसाला १ गॅलन आणि वर्षाला ३ गॅलन. नवरा म्हणाला ३ गॅलन म्हणजे अकरा लिटर, एवढी कुठे ठेवायची. त्याची काळजी किती फुकट होती ते पुढे येईलच.

वरती पोचलो तर मला काही दिसेचना. गुडघा ते कंबरेएवढी झुडपं, पातळ पानं, कडेला बारीक दाते, त्यातली काही आत्ताच लाल व्हायला लागलेली. मी घोस शोधत होते. आईने एका झुडपाची फांदी उलटी केली आणि खाली पानापानाच्या बगलेत एकेक फळ, काळं-जांभळं, वाटाण्यापेक्षा जरा मोठं. एकेकच! ब्लूबेरीसारखा घोस नाहीच. म्हणजे एक फांदी धरायची, उलटवायची, एकेक फळ सोडवायचं, ते चेंगरू द्यायचं नाही, आणि बादलीत टाकायचं. कंबरेला दुधाचा प्लॅस्टिकचा कॅन बांधायचा, वरचं तोंड कापून, हँडल पट्ट्यातून ओवून, म्हणजे दोन्ही हात मोकळे. ही आयडिया पार्किंगमधल्या एका आजोबांची. जागा विचारली तर ते पण हवेबद्दल बोलायला लागले.

चार तासांत माझी जमा जेमतेम पाऊण लिटर. आईची दोन लिटरच्या वर. ती म्हणे करवंदाच्या जाळीत हात घालून वाढलेय मी, हिला तर काटेपण नाहीत आणि चीकपण नाही, ही कसली मेहनत. नवऱ्याने पहिल्या वीस मिनिटांनंतर पाठ दुखते म्हणून गाडीत जाऊन झोप काढली.

चव कशी सांगू. दुकानातल्या ब्लूबेरीत जे पाणी असतं ते यात नाहीच. आंबट आधी येतं, मग गोड, मग एक वास येतो जो फळाचा कमी आणि फुलाचा जास्त. जीभ, दात, नखं सगळं जांभळं. आईने पहिलं फळ खाल्लं आणि म्हणाली, मीठ आणलंयस का?

आता मुद्द्याची गोष्ट. वेचता वेचता आम्ही रस्त्याच्या पलीकडे जायला निघालो कारण पलीकडची झुडपं भरलेली दिसत होती (नेहमीप्रमाणे), तर तिथे बोर्ड. या बाजूची बेरी इंडियन लोकांसाठी राखीव. क्षणभर मला वाटलं आपल्यासाठीच आहे की काय :D मग अर्थातच लक्षात आलं, इंडियन म्हणजे अमेरिकेतले मूळ रहिवासी. आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, म्हणजे ते मानकरी. आणि मागे फिरली. मला मात्र ते डोक्यात राहिलं, घरी येऊन वाचत बसले, ते खाली सवडीने लिहीन.

त्याच रस्त्यावर पलीकडे एक म्हातारी बाई फोल्डिंगच्या खुर्चीत बसून वेचत होती, बरोबर नातवंडं असावीत. ती उठून रस्त्यापर्यंत आली, आईच्या कॅनमध्ये वाकून बघितलं, छान हसली, आणि तिची टोपली दाखवली. काठोकाठ. पान नाही, काडी नाही, एक फळ फुटलेलं नाही. आईला ते लागलं. पुढचे दोन तास आईने तोंड उघडलं नाही.

आता विचारायचं असं की, ही बागेत लावता येते का कुणी लावलीये का, आणि पानं-काड्या काढायची सोपी युक्ती काय, आणि तुमच्याकडे (मोन्टाना, आयडाहो, कॅनडा) कशी मिळते. जागा कुठली ते मला विचारू नका. मीही आता हवेबद्दल बोलते.

पीएनडब्ल्यू_पाटील

मस्त धागा! शेवटी कुणीतरी लिहिलं. आम्ही पोर्टलंडहून नऊ वर्षं जातोय, त्याच रस्त्याला पण तू गेलीस तिथे नाही, अजून वर. टिपा देतो. ऑगस्टचा दुसरा आठवडा ते सप्टेंबरचा मध्य, पण दर वर्षी बर्फ कधी वितळला त्यावर मागेपुढे होतं. जुलैत चुकूनही जाऊ नका, तिथल्या इंडियन हेवन नावाच्या भागात तळी इतकी आहेत की डास तुम्हालाच वेचून नेतील. आणि ऑगस्ट म्हणजे वणव्याचा सीझन, निघायच्या आधी रस्ते चालू आहेत का, धूर किती आहे ते बघा, आम्ही एकदा तीन तास जाऊन बॅरिकेडला हात लावून परत आलोय.

दुसरं, एकाच उतारावर एक झुडूप लगडलेलं आणि शेजारचं रिकामं असं का होतं ते मला अजून कळलेलं नाही. फुलं येतात तेव्हा कडक थंडी पडली की त्या पट्ट्यातलं फळ गेलं, एवढं एक कारण पक्कं. फळ धरायला फुलांना भुंगे लागतात, ती छोटी उलट्या गाडग्यासारखी फुलं असतात.

पानांची युक्ती: एक फळी तिरकी लावायची, तिच्यावर ओला टॉवेल पसरायचा, वरून बेरी सोडायची. बेरी गडगडत खाली, पानं टॉवेलला चिकटतात.

जागा व्यनित (खाजगी निरोपात) सांगशील का?

रानभूल

@पाटील नऊ वर्षं जाऊन मला जागा विचारतोस होय. आणि टॉवेल वगैरे ठीक आहे, पण आईने इथे काय केलं माहितीये का, मोठी बेकिंग ट्रे घेतली आणि पॅटिओवर उभी राहून चक्क पाखडलं. सूप नाही तर ट्रे. पाच मिनिटांत साफ. शेजारची बाई कुंपणावरून बघत होती, तीच जिने जागा सांगितली नव्हती, ती म्हणाली मला शिकवा. आईने मला सांगितलं, तिला म्हणावं आज हवा छान आहे.

कोकणी_मिरची

आई जिंकल्या!!! 😂😂

हकलबेरी खाल्ली नाही कधी पण मीठ आणलंयस का वाचून डोळ्यात पाणी आलं. मे महिन्यात आमच्याकडे करवंदवाल्या बायका यायच्या, पानाचा द्रोण, वरून मीठ. एक प्रश्न, करवंदाची ही कुणी लागते का?

सदाहरित

मी कोल्हापुरात अनेक वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे म्हणून वेळच वेळ, तेव्हा जरा लांबण लावतो, कंटाळा आला तर पुढे जा.

करवंद आणि हकलबेरी यांचा काहीही संबंध नाही. करवंद कण्हेरीच्या कुळातलं, म्हणून तर त्याला चीक. धागाकर्तीने पाहिली ती व्हॅक्सिनियम मेम्ब्रेनेसियम, कूळ एरिकेसी, याला इंग्रजीत हीथ कूळ म्हणतात. ब्लूबेरी, क्रॅनबेरी, युरोपातली बिलबेरी, लिंगनबेरी ही सगळी त्याच व्हॅक्सिनियम वंशातली, म्हणजे दुकानदारांनी नाही पण निसर्गाने ते लाडाचं नाव ठेवलंय असं म्हणता येईल. गंमत म्हणजे अमेरिकेच्या पूर्व भागात ज्याला हकलबेरी म्हणतात ते वेगळंच, गेलुसॅशिया, कूळ तेच पण आत दहा कडक बिया असतात, दातात येतात. पश्चिमेकडच्यात बिया इतक्या बारीक की कळतही नाहीत.

आता आपल्या ओळखीचं. हिमालयात ट्रेकला गेलेल्यांनी बुरांशचं लाल सरबत प्यायलं असेल, तो बुरांश म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन, याच कुळातला. सह्याद्रीत आमच्या बाजूला मी या कुळातलं झाड रानात पाहिलेलं नाही, पण निलगिरीवर या, बुरांशाचा तिकडचा भाऊ आहे, दोन रानटी व्हॅक्सिनियम आहेत, आणि गंधपुरा आहे. हो, तोच गंधपुरा! उटीला निलगिरी तेलाच्या शेजारी जी गंधपुऱ्याच्या तेलाची बाटली मिळते, आजीच्या गुडघ्याला चोळायची, ते तेल याच कुळातल्या गॉल्थेरियाच्या पानांचं. वेदना शमवणाऱ्या मलमांचा जो ठरावीक वास असतो तो मिथाइल सॅलिसिलेटचा, आणि या तेलात जवळजवळ तेच असतं. (पोटात घ्यायचं नाही हं, चमचाभर सुद्धा लहान मुलाला घातक आहे.)

आणि सिएटलकरांनो, तुमच्या घरामागे जंगलात जमिनीवर जाड चामड्यासारख्या पानांचं सलाल नावाचं झुडूप माजलेलं असतं ना, ते या गंधपुऱ्याचं सख्खं चुलत भावंड. त्याची काळी फळं खातात, जरा पिठूळ लागतात.

तिरकस

कमाल आहे. आजीचे गुडघे ते अमेरिकेतला जॅम, एका प्रतिसादात. काका _/\_

पण मला एक खटकलं ते विचारतो, चिडू नका. सरकारी जंगल आहे ना? मग अर्धा रस्ता एका समाजाला राखीव हे कसं काय? आपण तिकडे टॅक्स भरतो तेव्हा काय. आणि बोर्ड लावला म्हणजे कायदा झाला का, कोण बघायला बसलंय?

रानभूल

@तिरकस बरं झालं विचारलंस, मी हेच लिहिणार होते.

सरकारी जंगल नंतर झालं, आधी ते त्यांचंच होतं. यकामा या तिथल्या मूळ जमातीशी अमेरिकेने १८५५ मध्ये वॉला वॉलाला करार केला, त्यात त्यांनी प्रचंड जमीन सोडली, पण कलम तीनमध्ये मासेमारी, शिकार, आणि कंदमुळं आणि बेरी गोळा करायचा हक्क राखून ठेवला. बेरी हा शब्द करारात आहे! म्हणजे कुणीतरी तेव्हा बसून हट्ट धरला असणार की बाकी घ्या पण हे लिहा. त्यांच्याकडे ऑगस्टमध्ये सगळी कुटुंबं वर जायची, आठवडे राहायची, वेचायची, पडलेल्या ओंडक्याला मंद धुमसत ठेवून त्याच्यासमोर लव्हाळ्याच्या चटयांवर बेरी वाळवायची, हिवाळाभर पुरायची. रेड सीडर झाडाच्या मुळ्यांच्या टोपल्या विणायच्या, क्लिकिटॅट टोपल्या म्हणून त्या म्युझियममध्ये बघायला मिळतात. तिथे घोड्यांच्या शर्यती लागायच्या, ती धावपट्टी अजून दिसते म्हणतात, आम्हाला जायला वेळ झाला नाही.

मग १९३०च्या आसपास मंदी आली, बेकार लोक विकायला बेरी वेचायला हजारोंनी त्या डोंगरावर यायला लागले, आणि या लोकांना आपल्याच जागी तंबू टाकायला जागा राहिली नाही. तेव्हा १९३२ मध्ये यकामांचे प्रमुख विल्यम यॅलप आणि जंगलखात्याचे तिथले अधिकारी ब्रकार्ट यांनी ठरवलं, की सॉटूथ नावाच्या बेरीच्या रानातला रस्त्याच्या पूर्वेकडचा भाग यांचा. लेखी नाही काही. हातात हात दिला. त्याला अजून हँडशेक अ‍ॅग्रीमेंटच म्हणतात, नव्वदच्या वर वर्षं झाली.

तेव्हा कोण बघायला बसलंय याचं उत्तर, ती म्हातारी बसली होती खुर्चीत. आणि आपल्या बाजूला पण ढीगभर बेरी होती रे, मीच वेचायला मंद आहे.

तिरकस

ओके. मंदीचं माहीत नव्हतं. शब्द मागे घेतो, टॅक्सचा तर नक्कीच, मी राहतो ठाण्यात.

हेलसिंकीकर

इकडे फिनलंडमध्ये हे सगळं वाचून वेगळ्याच ग्रहावरची गोष्ट वाटतेय. इथे कुणाच्याही खाजगी जंगलात जाऊन बेरी वेचता येते, परवाना नाही, लिमिट नाही, जंगल कुणाचं ते विचारायचंही नाही, फक्त कुणाच्या घराच्या अंगणात शिरायचं नाही. विकली तरी त्या कमाईवर वेचणाऱ्याला टॅक्स नाही. आमची बिलबेरी, इथे मुस्तिका म्हणतात, जेमतेम घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, मैलोन्‌मैल जमिनीवर गालिचा. जुलै-ऑगस्ट. आतूनपण जांभळी असते, ब्लूबेरी कापली तर आत हिरवट-पांढरी निघते, हिचं तसं नाही.

आणि एकेक फळ हाताने?? आम्ही फणी वापरतो. एक डबा असतो त्याला पुढे लांब दाते, झुडपातून ओढायचा, फळं डब्यात. सुपरमार्केटमध्ये मिळतो. चार तासांत पाऊण लिटर वाचून माझी फिनिश बायको (तिला भाषांतर करून सांगितलं) पंधरा मिनिटं हसत होती. पाठवू का एक?

पीएनडब्ल्यू_पाटील

@हेलसिंकीकर नको बाबा, इथे फणीवर बंदी आहे या जंगलात, पकडलं तर दंड. तुमची झुडपं बुटकी, गालिच्यासारखी आहेत, इथली उंच, फांद्या ठिसूळ. फणी ओढली की पानं, कोवळे शेंडे, कच्ची फळं सगळं ओरबाडून येतं, पुढच्या वर्षीचं फळ ज्या शेंड्यावर यायचं तोच गेला. मी बघितलीयेत अशी झुडपं, नुसत्या काड्या उभ्या.

आणि खरा राग वेचून विकणाऱ्यांच्या टोळ्यांवर आहे, तुझ्या-माझ्यावर नाही. हकलबेरीला भाव प्रचंड, कारण शेती होत नाही, सगळी रानातूनच येते, मग दुकानातला जॅम, आइस्क्रीम, साबण, सगळ्याला लागणारी बेरी कुठून येणार. यकामा लोक बरीच वर्षं तक्रार करत होते की राखीव भागात पण शिरतात, फणी मारतात. शेवटी २०२५ मध्ये गिफर्ड पिंचोने व्यावसायिक परवाने द्यायचेच थांबवले. घरगुती चालू ठेवलंय. तरी दर वर्षी जायच्या आधी त्यांच्या साइटवर नियम बघा, बदलतात.

हेलसिंकीकर

हे पटलं. आमच्याकडेही कारखान्यांना जाणारी बरीचशी बेरी थायलंडहून हंगामापुरते आणलेले लोक वेचतात, आणि त्यांच्या मजुरीच्या भानगडी कोर्टापर्यंत गेल्यात, म्हणजे गालिचा असला तरी सगळं गोडगोड नाही. फणी ठेवतो माझ्याकडेच.

पुरणपोळी४२

शेती का नाही होत पण? एवढा भाव आहे तर कुणीतरी लावलीच असती ना. मी मागच्या वर्षी ऑनलाइन "गार्डन हकलबेरी"चं बी मागवलं, मस्त उगवलं, तीन महिन्यांत फळं आली, काळी चकचकीत, पण चव म्हणजे अगदीच.... सासूबाई बघून म्हणाल्या अगं ही तर कामोणी! पोराने आधीच दोन-चार खाल्ली होती, मी टेन्शनमध्ये.

सदाहरित

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, त्यांनी बरोबर ओळखलं. गार्डन हकलबेरी नावाने जे विकतात ते सोलॅनम, म्हणजे वांगी-बटाटा-कामोणीचं कूळ, हकलबेरीशी दमडीचा संबंध नाही. पूर्ण पिकलेली फळं शिजवून, साखर घालून खातात. हिरवी कच्ची अजिबात नाही, ती विषारी असतात. पोराने पिकलेली खाल्ली असतील म्हणून निभावलं, पुढे लक्ष ठेवा.

खऱ्या हकलबेरीचं म्हणाल तर अडचणी तीन-चार एकत्र येतात. तिला आम्लधर्मी माती लागते, बागेतली साधी माती चालत नाही. मुळांशी विशिष्ट बुरशी राहते, ती नसेल तर तिला अन्न नीट मिळत नाही. हिवाळ्यात बर्फाचं पांघरूण लागतं, ते नसलं तर कळ्या गारठून मरतात. आणि बी पेरून फळ यायला इतकी वर्षं लागतात की शेतकरी तोवर दुसरं काही लावून मोकळा होतो. आयडाहो विद्यापीठात यावर बरीच वर्षं काम झालं आहे, चांगली झाडं निवडून वाढवायचा प्रयत्न, पण बाजार भरेल असं पीक अजून झालेलं नाही.

रानातून उपटून आणून लावायचा मोह होतो लोकांना. करू नये. जमिनीखाली खोड आडवं पसरलेलं असतं, एकच झुडूप समजून उपटता ते मोठ्या जाळीचं टोक असतं, त्याला स्वतःची मुळं फार थोडी. घरी आणून मरतं. शिवाय परवानगी नसते ते वेगळंच.

आयडाहोतला_एकटा

आयडाहोचं नाव निघालं म्हणून लॉगिन केलं, तीन वर्षं नुसता वाचतोय. हकलबेरी हे आमच्या राज्याचं अधिकृत फळ आहे, २००० सालापासून. बटाट्याला फळ म्हणता येत नाही म्हणून असेल.

इथे मोसमात रस्त्याच्या कडेला कूलर घेऊन लोक विकायला बसतात, गॅलनचा भाव ऐकून मी पहिल्या वर्षी गाडी न थांबवताच पुढे गेलो. आता स्वतः जातो. अस्वलाचं कुणी बोललंच नाही! तुमच्याकडे काळी अस्वलं, इकडे उत्तरेला आणि मोन्टानात ग्रिझलीपण. ऑगस्टमध्ये ती दिवसभर हेच खातात, हिवाळ्यासाठी चरबी चढवायची असते, मान खाली घालून चरत असतात आणि तुम्हीही मान खाली घालून वेचत असता. म्हणून बोलत राहायचं, मोठ्याने. मी एकटाच जातो त्यामुळे गाणी म्हणतो, लहानपणच्या आरत्या पाठ आहेत त्या सगळ्या म्हणून होतात, गणपतीच्या आसपासच सीझन असतो, मुहूर्तही साधतो. बेअर स्प्रे कंबरेला, कॅनच्या दुसऱ्या बाजूला. एकदा घालीन लोटांगणला वरच्या जाळीतून एक काळं डोकं वर आलं, बघितलं, आणि शांतपणे उतरून निघून गेलं. मी लोटांगण घातलंच जवळजवळ.

अस्वलं ही बेरीची पेरणी पण करतात, बी पोटातून पुढच्या डोंगरावर.

कोकणी_मिरची

घालीन लोटांगण 🤣🤣 ऑफिसमध्ये वाचतेय, सगळे बघायला लागले.

नुसतीच_वाचक

आम्ही बेलव्ह्यूजवळ राहतो, डोंगरावर जायला लहान बाळामुळे जमत नाही. घरामागच्या ट्रेलवर जुन्या कापलेल्या झाडांच्या बुंध्यांवर एक नाजूक झुडूप उगवतं, हिरव्या काड्या, जून-जुलैत छोटी लालभडक पारदर्शक फळं. ती पण हकलबेरीच का? खाऊ का?

रानभूल

@नुसतीच_वाचक वर्णन रेड हकलबेरीचंच वाटतंय, कुजलेल्या बुंध्यावरच तिला आवडतं. पण फोटो टाक आधी, आणि ओळखीच्या माणसाकडून प्रत्यक्ष बघून घेतल्याशिवाय तोंडात टाकू नकोस, इकडे बेनबेरी म्हणून लाल फळांचं एक विषारी झाडपण असतं. ते मऊ हिरव्या दांड्याचं असतं, लाकडी झुडूप नसतं, आणि त्याचा एका दांड्यावर उभा घोस असतो.

रेडवाली आंबट असते. आईने तिची चटणी केली, हिरवी मिरची, गूळ, जिरं, मीठ. आमसुलाच्या चटणीच्या जवळ गेली. डोंगरावरच्या काळीचा साखरांबा केला: चार वाट्या बेरी, अडीच वाट्या साखर, अर्ध्या लिंबाचा रस, बेरी आणि साखर रात्रभर एकत्र ठेवून सकाळी मंद आचेवर, आणि फार शिजवायचं नाही, त्या फुलाच्या वासाचा जो भाग आहे तो उकळीबरोबर उडून जातो. वेलची घालू नका, आईनेच नको म्हणून सांगितलं, आणि आई आमटीत सुद्धा वेलची घालेल अशी बाई आहे. उरलेली न धुता ट्रेवर पसरून फ्रीझ केली, मग पिशवीत. थोडी दसऱ्याला श्रीखंडात घातली, रंग असा आला की फोटोला फिल्टर लावलाय म्हणून तीन जणांनी विचारलं.

पीएनडब्ल्यू_पाटील

बागेचं राहिलं. सिएटल-पोर्टलंडला बागेत लावायची हौस असेल तर एव्हरग्रीन हकलबेरी लावा, किनाऱ्याकडची जात आहे, बाराही महिने हिरवी, कोवळी पालवी तांबूस, नर्सरीत मिळते, सावलीत होते. फळ बारीक आणि उशिरा येतं, डोंगरावरच्याची चव नाही, पण मिळतं तरी. माझ्याकडे दोन आहेत. शेजाऱ्याचं मांजर सोडून कुणी चोरत नाही.

आणि सदाहरितकाकांना एक प्रश्न, जुने लोक म्हणतात आधी तिथे आतापेक्षा कितीतरी जास्त बेरी असायची, खरंय का?

सदाहरित

खरं असणार, आणि कारण आग. हकलबेरीला उघडी, उन्हाची जागा लागते. दाट झाडीखाली ती जगते पण फळ धरत नाही. पूर्वी तिथले लोक हंगाम संपला की मुद्दाम आग लावायचे, शरदात, पाऊस येण्याच्या बेताला. वरचं जळून जायचं, जमिनीखालचं आडवं खोड जिवंत, त्यातून पुन्हा फुटवे, आणि मध्ये घुसणारी सूचिपर्णी रोपं मात्र साफ. काही वर्षांत तिथे भरपूर फळ. विसाव्या शतकात जंगलखात्याने आग दिसली की विझवायची असं धोरण धरलं, तर बेरीच्या मोकळ्या रानात फरची झाडं शिरली आणि सावली झाली. आता खातं यकामा लोकांबरोबर बसून काही भागांत झाडं काढतंय.

आमच्याकडे डोंगराला वणवा लावतात गवत चांगलं येतं म्हणून, आणि मी आयुष्यभर विद्यार्थ्यांना त्याच्याविरुद्ध सांगत आलो, अजूनही सांगीन, कारण तो लागतो कोरड्या उन्हाळ्यात आणि कुणी त्याच्यामागे उभं नसतं. पण हे वाचल्यापासून सरसकट "आग वाईट" म्हणताना जरा अडखळतो.

तिरकस

काका अडखळले म्हणजे धागा सार्थकी लागला.

रानभूल, आई यंदा येतायत का परत? आणि ठाण्याहून विचारतोय, मला काय उपयोग, पण तरी, जागा नक्की कुठली?

रानभूल

येतेय, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. तिकीट काढायच्या आधी तिने विचारलं की बेरी कधी पिकते आणि मग तारीख सांगितली, नातवंडांची सुट्टी वगैरे काही विचारलं नाही. अंगणातल्या करवंदाच्या जाळीवर प्रॅक्टिस चालू आहे, पान न येऊ देता एकेक फळ कसं काढायचं त्याची. त्या टोपलीचा विषय अजून मिटलेला नाही.

आणि जागा विचारणारे आत्तापर्यंत सतरा व्यनि आलेत. त्यातला एक माझ्या नवऱ्याचा आहे, तो त्या दिवशी गाडीत झोपला होता.